बारा वाजता मागं फिरायचं

१० नोव्हेंबर, रविवार

ही डायरी बियाण्याच्या कंपनीची आहे, मागच्या सालची. नागसेनला कुणी तरी दिली होती, त्यानं ती इथं आणून टाकली. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत. छापलेला वार खोडून मी खरा वार लिहितो. सातवीपर्यंत शाळा झाली, त्यातली सातवी नापास. कुणी वाचलंच तर शुद्धलेखनाकडं बघू नये. खरं तर वाचूच नये.

लिहायला बसलो ते लुंबिनीमुळं. लुंबिनी म्हणजे नागसेनची मुलगी, माझी नात. नागसेन अहमदपूर डेपोत कंडक्टर आहे, तो आणि सूनबाई तिकडंच असतात. माझी बायको पार्वतीबाई गेली त्याला तीन वर्षं होतील. तेव्हापासून लुंबिनी माझ्याजवळ भोकरला राहते आणि रेल्वेनं नांदेडला कॉलेजला जाते.

आज जेवताना म्हणाली, "आबा, जानेवारीत मी बर्फाच्या डोंगरावर जाणार हाय. उत्तराखंडात. साडेबारा हजार फूट."

मी घास खाली ठेवला. "बर्फात कामून जायचं?"

"बघायला."

"टीव्हीवर दिसतंय की."

"टीव्हीला थंडी वाजत न्हाई, आबा."

लातूरला डोंगर चढणाऱ्यांचा एक गट आहे. भीमाशंकर सर म्हणून त्यांचे शिकवणारे आहेत. बारा जण जाणार, त्यात हिची मैत्रीण आरतीही आहे. फॉर्मवर घरच्या माणसाची सही लागते. नागसेनला विचारलं तर तो म्हणाला, आबांनी सही केली तर माझी हरकत नाही. म्हणजे पोरीचं काय बरंवाईट झालं तर आबा जबाबदार.

फॉर्म डायरीत ठेवला आहे. बारा डिसेंबरपर्यंत द्यायचा. मी सही करणार नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सामानाची यादी दाखवली. दोन पानं. कपड्याचे तीन थर. आतला घाम बाहेर टाकणारा, मधला ऊब धरणारा, वरचा वारा आणि पाणी अडवणारा. बुटाच्या तळव्याला बांधायचे लोखंडी काटे, म्हणजे बर्फावर पाय सरकत नाही. दोन काठ्या. शिट्टी. काळा चष्मा, कारण बर्फावरच्या उन्हानं डोळे जळतात. हे सगळं मी मान हलवून ऐकलं. मग एका ओळीखाली लाल रेघ होती. सुती कपडे चालणार नाहीत.

मी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"सरांनी."

"त्यांच्या बापानं कधी कापूस बघितला होता का?"

चौतीस वर्षं मी जिनिंगमध्ये काढली. सरकीतून रुई सुटताना बघितली. गाठी बांधल्या. हिवाळ्यात पहाटे पाळी असायची, तेव्हा रुईच्या ढिगात पाय खुपसून बसलो की पाचव्या मिनिटाला घाम यायचा. आमच्या घरात जन्मलेलं प्रत्येक मूल कापसाच्या गोधडीत वाढलं. आणि कापूस चालणार नाही म्हणे. प्लास्टिकचा सदरा चालतो.

लुंबिनी म्हणाली, "कोरडा असला तर चांगलाच असतो, आबा. ओला झाल्यावर वाळत न्हाई." मी म्हणालो, ओलं कशाला व्हायचं, छत्री न्यावी. ती हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज भलतंच झालं. उठून बघतो तर लुंबिनी घरात नाही. भाकरीच्या डब्याखाली चिठ्ठी. जशी होती तशी लिहितो.

"आबा, मी आणि आरती सरावाला चाललो. किनवटच्या पलीकडचा डोंगर, ओढ्याकडची वाट. पहाटेच्या गाडीनं. बारा वाजता जिथं असू तिथून मागं फिरणार. संध्याकाळी सहापर्यंत घरी. सहापर्यंत आले नाही आणि फोन लागला नाही, तर भीमाशंकर सरांना फोन करा." खाली नंबर.

आले नाही तर. असं कुणी घरात लिहून ठेवतं का? तशीच चिठ्ठी घेतली. शेजारी मारोतीकडं गेलो. तो पोस्टात होता, आता रिटायर आहे, त्याला चिठ्ठ्यांची सवय. त्यानं वाचली आणि म्हणाला, "चांगलं लिवलंय की. पत्ता हाय, वेळ हाय, नंबर हाय. लोकं एवढं मनिऑर्डरवर लिवत न्हवते."

मी तीन वाजल्यापासून स्टेशनवर जाऊन बसलो. ती सव्वापाचला उतरली, बुटाला चिखल, तोंड उन्हानं काळवंडलेलं, खूश. मी तिची पिशवी घेतली आणि पुढं चालू लागलो. घरी आल्यावर म्हणालो, "असं अभद्र लिहून जायचं न्हाई."

"आबा, लिहिलं म्हणूनच तर तुम्हाला कळलं, तीन वाजल्यापासून कोणत्या स्टेशनवर बसायचं न् किती वाजेपर्यंत."

तीनपासून बसलो होतो हे मी तिला सांगितलं नाही. तिला कसं कळलं कोण जाणे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बुटाचा गोंधळ. तिनं डोंगरासाठी जाड बूट घेतले आणि ते ती घरातच घालून फिरते. भाकरी थापताना बूट. अंगण झाडताना बूट. मारोती म्हणतो, पोरगी पोलिसात लागली का? बूट पायात रुळवायचे असतात म्हणे, नाही तर डोंगरात फोड येतात.

पण मी नीट बघितलं तर बूट एक नंबर मोठे. अंगठ्याच्या पुढं बोटभर जागा. पोरीला दुकानदारानं फसवलं. काल ती झोपली होती तेव्हा मी बूट पिशवीत घातले, नांदेडला जाऊन बरोबर नंबराचे बदलून आणले. एकदम घट्ट, मापाचे. संध्याकाळी तिला दिले. तिनं एक बूट पायात घातला, परत काढला.

"आबा, आत दोन मोजे घालायचे असतात. न् उतरताना बोटं पुढं आदळतात. नखं काळी पडतात. घट्ट बुटात रक्त फिरत न्हाई, थंडीत बोटं सुन्न होतात."

मी म्हणालो, हे आधी सांगायचं. ती म्हणाली, तुम्ही विचारलंच कुठं.

आज दोघं परत नांदेडला गेलो. दुकानदार मला बघून हसला आणि म्हणाला, "काका, उद्या पण येणार का?" मोठेच बूट परत आणले. येताना ती माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि म्हणाली, माझ्या बुटाची एवढी काळजी कुणी केली नव्हती. मला वाटतं ती चिडली नव्हती.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

लुंबिनीसाठी बंडी शिवून झाली. आठ दिवस लागले. मांजरपाटाचं कापड, आत पिंजलेला कापूस, बोटाबोटावर टाका. डोळ्यांनी आता सुई दिसत नाही, मारोतीनं दोरा ओवून दिला आणि प्रत्येक वेळी टोमणा मारला. सर काही म्हणोत, ही आत घातली की बर्फाच्या बापाला थंडी लागू देणार नाही.

लुंबिनीनं घालून बघितली. आरशासमोर उभी राहिली. "लई छान झाली, आबा," म्हणाली. नेणार का ते बोलली नाही. घडी करून तिनं ती माझ्याच पेटीत ठेवली.

मी म्हणालो, "एवढी मेहनत केली, न्यावी लागेल."

ती म्हणाली, "तुम्ही सही करणार हाय का?"

मी सुई डबीत ठेवली. हे तिनं बरोबर केलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

काही घडलं नाही. पाण्याची बाटली उलटी ठेवायची असं यादीत आहे. पाणी वरून गोठतं, बाटली उलटी असली की बुचाकडचं पाणी गोठत नाही, पिता येतं. मी करून बघितलं. बूच सैल होतं. गादी भिजली. गादी दोन दिवस उन्हात टाकली आहे, अजून आत दमट आहे.

लिहिता लिहिता पार्वतीबाईची आठवण आली. तीही जानेवारीतच पावसात भिजली होती. कापूस वेचायला गेली होती, अवकाळी आला, गारा पडल्या. उघड्या टेंपोत बसून घरी आली. अंग कापत होतं. मीच म्हणालो, लुगडं अंगावर वाळतंय, वरून गोधडी घे. घेतली तिनं. गोधडीही ओली झाली. चौथ्या दिवशी छातीत कफ भरला, नवव्या दिवशी दवाखान्यात नेली, तिथंच गेली.

हे इथं कशाला लिहिलं कळत नाही. बाटलीचं लिहीत होतो.

५ डिसेंबर, गुरुवार

लुंबिनीनं नवीनच काढलं आहे. "रविवारी आम्ही परत किनवटला चाललो. तुम्ही पण चला. बघा तरी आम्ही काय करतो. मग सही करा न् तर करू नका."

मी बहात्तर वर्षांचा. म्हणालो, माझी हाडं तुला वर टाकून यायची आहेत का? ती म्हणाली, डोंगर लहान आहे, शेळ्या जातात. मारोती म्हणाला, जा, शेळ्यांना सोबत होईल.

जायचं ठरवलं. पेटीतली ती बंडी मीच घालून जाणार. कापूस काय असतो ते दाखवतो.

९ डिसेंबर, सोमवार

काल हात इतके थकले होते की लिहिता आलं नाही. आज सगळं लिहितो.

पहाटेच्या गाडीनं मी, लुंबिनी आणि आरती किनवटला गेलो. आरती नायगावची, बडबडी आहे, वाटेत तिनं मला चार वेळा विचारलं, आबा दम लागला का. स्टेशनवर उतरलो तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. निघताना लुंबिनीनं मारोतीला फोनवर सांगितलं, कोणता डोंगर, किती जण, किती वाजता परत. मग मला घड्याळ दाखवलं. "आबा, बारा वाजता मागं फिरायचं. शेंडा आला तरी, न आला तरी."

बंडी छान ऊबदार होती. चढताना घाम आला. मी तिला म्हणालो, बघ. ती म्हणाली, घाम यायला नको, बटणं मोकळी करा. मी केली नाहीत. घाम आला म्हणजे ऊब आहे.

ओढ्याला अजून पाणी होतं, मांडीएवढं. दगडावरून जायचं. दोघी गेल्या. मला आरती काठी देत होती, मी म्हणालो, मी काय म्हातारा आहे? तिसऱ्या दगडावर शेवाळ होतं. छातीपर्यंत पाण्यात बसलो.

मार लागला नाही. उठलो, पलीकडं गेलो. लुंबिनी म्हणाली कपडे बदला. मी म्हणालो चालताना वाळतील. पुढं पाऊण तास चढलो. आधी ऊन होतं. मग डोंगराच्या धारेवर आलो आणि वारा लागला. बंडी एवढी जड झाली जशी कुणी पाठीवर सरकीचं पोतं ठेवलं. मग दात वाजायला लागले. मी दात आवळून धरले, पोरींना दिसू नये म्हणून. मग बोटांना बंडीचं बटण सापडेना. बटण समोर दिसत होतं आणि बोटं तिथं जात नव्हती. हे मला फार विचित्र वाटलं. आरतीनं मला काही तरी विचारलं, मी काय उत्तर दिलं आठवत नाही.

लुंबिनी माझ्यासमोर उभी राहिली. "आबा, तुमचं नाव सांगा." मी म्हणालो, रामकिशन, तुझ्या बापाचा बाप. "आज कोणता वार?" मी छापलेला वार सांगितला, शुक्रवार. डायरीतला. ती हसली नाही.

शेंडा समोर होता. खरंच समोर. वरचा भगवा झेंडा दिसत होता. आणखी अर्धा तास. तिनं घड्याळ बघितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. म्हणाली, "इथून मागं."

मी म्हणालो, "बारा वाजले न्हाईत. तूच म्हणालीस बारा."

"बारा म्हणजे जास्तीत जास्त. त्याच्या आधी कवाही फिरता येतं."

एका खडकाच्या आडोशाला दोघींनी मला बसवलं. बंडी काढली, सदरा काढला. मला लाज वाटली. तिच्या पिशवीत एक पुडकं होतं, त्यातून माझ्याच मापाचा लोकरी स्वेटर निघाला, कानटोपी, कोरडे मोजे, नागसेनची जुनी पँट. घरून माझे कपडे तिनं कशाला आणले होते? मला काही बोलली नव्हती. थर्मासमधला गुळाचा चहा पाजला. पाठीखाली तिची पिशवी, म्हणजे जमिनीची थंडी चढू नये. दहा मिनिटांनी दात थांबले. मग दोघींच्या मधून मी खाली आलो, ओढ्यावर काठी घेतली.

गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो. राग आला होता. एवढा चढलो, अर्ध्या तासावरून परत आणलं. लोकांना काय सांगायचं.

ओली बंडी प्लास्टिकच्या पिशवीत होती. लुंबिनीनं ती मांडीवर धरली होती, फेकून दिली नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

मारोती आला. "पोचला का शेंड्याला?" मी म्हणालो, नाही. "अरारा, अर्ध्या रस्त्यानं मागं. आमच्या पोस्टात असं पाकीट आलं की त्यावर शिक्का मारायचो."

मला राग यायला हवा होता. पण मी म्हणालो, "अरे, मी मागं फिरणार न्हवतो. तिनं फिरवलं." आणि मग माझे डोळे का भरले कुणास ठाऊक, तर तोच म्हणाला, चहा करू का, आणि आत जाऊन त्यानं चहा केला.

११ डिसेंबर, बुधवार

रविवारपासून बंडी आणि तो लोकरी स्वेटर एकाच तारेवर आहेत. स्वेटर गाडीतून येताना दमट झाला होता, तो सोमवारी दुपारीच वाळला. बंडी आज चौथ्या दिवशीही पिळली तर थेंब येतो. किराणा दुकानात नेऊन तिचं वजन केलं. पूर्ण ओली असताना केलं नव्हतं ते चुकलं. तरी आज दीड किलो भरली. दुकानदारानं विचारलं, यात काय आहे? मी म्हणालो, चौतीस वर्षं.

कापूस वाईट नाही. तो पाणी धरतो. जिनिंगमध्येही गाठ भिजली की मुकादम ओरडायचा, कारण आत आठ-आठ दिवस ओल राहायची, कधी आतून काळी पडायची. हे मला माहीत होतं. मला कुणी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. अंगावरच्या कपड्याला ते कधी लावून बघितलं नाही.

संध्याकाळी लुंबिनीला विचारलं, "माणूस भिजला, न् त्याला वरून गोधडी दिली, तर?"

तिनं हातातलं काम ठेवलं. माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "आजीला न्युमोनिया झाला होता, आबा. तो जंतूनं होतो. लुगड्यानं न्हाई."

मी आजीचं काही विचारलंच नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर फॉर्म काढला. जी पोरगी शेंडा समोर दिसत असताना मागं फिरू शकते, तिला जाऊ न देण्याचं कारण मला सापडेना. खूप शोधलं. सही केली. थोडी वाकडी झाली. जयभीम लिहायची सवय आहे, तेही खाली लिहिलं, मग वाटलं फॉर्मवर चालतं की नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

मुखेडच्या बाजाराला गेलो. तिथं उदगीरकडची कमलम्मा येते, तिची माणसं मेंढरं पाळतात आणि ती कंबळी विणते. पूर्वी तिच्याकडून मी घोंगडी घेतली होती. ती माझ्यापेक्षा म्हातारी झाली आहे.

तिला सांगितलं, बर्फात जाणाऱ्या पोरीला बंडी शिवायची आहे. ती म्हणाली, "पोरगी कोणाची?" "माझी नात." "बर्फात कोण ढकललं तिला?" "स्वतःच चालली." कमलम्मानं कंबळीच्या गठ्ठ्यात हात घातला. "अय्यो. मग हे नको, हे टोचतंय. हे घे. कोकराची पहिली कातरलेली लोकर. भिजलं तरी गरम ऱ्हातंय. आमची माणसं पावसात हेच घेऊन मेंढराबरोबर हिंडत्यात."

भिजलं तरी गरम राहतं. सरांच्या यादीत दोन पानांत जे लिहिलं आहे ते कमलम्माला शाळेशिवाय माहीत होतं. मला मात्र दोघांनाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

येताना अहमदपूर डेपोच्या नांदेड गाडीत बसलो, कंडक्टर नागसेन. त्यानं मला बघून तिकिटाच्या मशीनवर दोन वेळा चुकीचं बटण दाबलं. गर्दी कमी झाल्यावर शेजारी येऊन उभा राहिला.

"सही केली म्हणे तुम्ही."

"हाव."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला वाटलं तुम्ही करणारच न्हाई. म्हणून तर तुमच्याकडं ढकललं."

मला हसू आलं. सबंध महिनाभर हा तिकडं बसून माझ्या भीतीच्या भरवशावर होता. म्हणालो, "आता काय करतोस?"

"आता मी पण भितो," तो म्हणाला आणि घंटी वाजवली, कारण स्टॉप आला होता.

४ जानेवारी, शनिवार

डिसेंबरची पानं संपली, म्हणून डायरीच्या पहिल्या पानावर आलो. जानेवारी कोरीच होती. आधी काही लिहिलंच नव्हतं.

सकाळी नांदेड स्टेशनवर सोडलं. दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढं गाड्या. नागसेन आणि सूनबाईही आले होते. सूनबाईनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, बर्फात चटणी लागते म्हणे. भीमाशंकर सर भेटले. काटक माणूस, माझ्याहून कमी बोलतो. त्यांनी सगळ्यांच्या पिशव्या प्लॅटफॉर्मवरच उघडल्या. लुंबिनीच्या पिशवीत लोकरीची बंडी होती, मीच शिवलेली, कमलम्माच्या कापडाची. त्यांनी ती हातात घेतली, आतून बाहेरून चाचपली. मी पुढं सरकलो.

"कुणी शिवली?"

"आबांनी."

"मधल्या थराला चालेल," ते म्हणाले. एका पोराच्या पिशवीतून दोन जीन पँटी काढून त्यांनी त्याच्या वडिलांच्या हातात दिल्या. मला त्या वडिलांची दया आली. म्हणालो, होतं असं, कापूस पाणी धरतो.

गाडी हलली. तिनं माझ्या हातात चिठ्ठी दिली. कुठला दिवस कुठल्या मुक्कामी. आठ ते अकरा डोंगरात, फोन लागणार नाही. "बारा तारखेच्या संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही, तर सरांच्या ऑफिसला फोन करा. त्याच्या आधी काळजी करायची न्हाई." शेवटच्या ओळीखाली लाल रेघ.

७ जानेवारी, मंगळवार

मारोती रोज संध्याकाळी येतो. आज म्हणतो डाळीला फोडणी नीट जमत नाही, तुमच्याकडं जेवतो. काल म्हणाला लाइट गेली. त्याच्या घरची लाइट मला माझ्या दारातून दिसत होती. म्हातारपणी माणूस असा चिकट होतो. तरी जेवण दोघांचंच करतो, फेकायला नको.

९ जानेवारी, गुरुवार

टीव्हीवर उत्तराखंडात बर्फ पडला असं दाखवलं. कोणता भाग ते नीट सांगितलं नाही. मी फोन उचलला. सरांच्या ऑफिसचा नंबर लावला, एक आकडा उरला होता. मग चिठ्ठी काढून वाचली. बारा तारीख, सात वाजता. फोन ठेवला.

मारोतीनं विचारलं, लावत का नाही? म्हणालो, वेळ झाली नाही. वेळ ठरवून दिलेली असली की तेवढं तरी धरून बसता येतं. पार्वतीबाईच्या वेळी वेळ ठरलेली नव्हती, मी रोज उद्या बरी होईल म्हणत गेलो.

११ जानेवारी, शनिवार

दोनदा झाडलं. बूट नसल्यामुळं घर फार शांत आहे.

१२ जानेवारी, रविवार

पावणेपाचला फोन आला.

आवाज बसलेला, पण तिचाच. "आबा, खाली आलो. सगळे बरे हाय." मी म्हणालो, बोटं? "दहाच्या दहा." नखं? "गुलाबी." मग मी काय विचारायचं ते विसरलो. तीच म्हणाली, "आबा, मी शेंड्याला पोचले न्हाई."

शेवटच्या दिवशी चढताना आरतीचं डोकं दुखायला लागलं. ती कुणाला सांगत नव्हती, हसत होती, बडबड करत होती. मग बडबड थांबली. लुंबिनीनं तिला वार विचारला. आरतीला सांगता आला नाही. उंचीवर असं होतं, त्याला एकच औषध, खाली उतरणं. वाटाड्या आरतीला घेऊन खाली निघाला, सोबत कुणी तरी हवं होतं. शेंडा पाऊण तासावर होता, सकाळ स्वच्छ होती, बाकीचे पुढं गेले. लुंबिनी खाली आली. दोन हजार फूट उतरल्यावर आरती परत बडबडायला लागली.

"तुम्हाला वाईट वाटलं का?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "किती वाजले होते?"

"सव्वानऊ."

"बारा म्हणजे जास्तीत जास्त," मी म्हणालो. पलीकडं ती रडायला लागली की हसायला, फोनवर नीट कळलं नाही. आरतीनं मागून ओरडून सांगितलं, आबा, तुमची बंडी आता मी घातली आहे.

मारोतीला सांगायला गेलो. "पोचली का?" त्यानं विचारलं. म्हणालो, "न्हाई. परत आली." आणि मला एवढं बरं वाटलं की मी त्याच्या ओट्यावरच बसलो. तो म्हणाला, चला, आजपासून माझ्या घरचं जेवतो, तुमच्या डाळीत मीठ कमी असतं, पोरीला शब्द दिला होता म्हणून खाल्ली. कोणता शब्द विचारलं तर बोलेना.

१८ जानेवारी, शनिवार

परवा आली. नाक सोललं आहे. बंडी आरतीकडंच राहिली, तिची आई परत देत नाही. मी म्हणालो राहू दे, दुसरी शिवतो.

आज लुंबिनी म्हणाली, सुती बंडी घालू का आता, घरात थंडी आहे. पेटीतून काढली. कोरडी, खडखडीत. घालून बसली आणि अभ्यास करत राहिली. फार शोभते.

२५ जानेवारी, शनिवार

ही उद्याची चिठ्ठी आहे. कच्ची इथं लिहितो, पक्की भाकरीच्या डब्याखाली ठेवणार.

"लुंबिनी, मी आणि मारोती किनवटच्या डोंगरावर चाललो. ओढ्याकडची वाट. पहाटेच्या गाडीनं. लोकरीचं घातलं आहे, कोरडा जोड पिशवीत आहे, मारोतीचाही. ओढ्यावर काठी घेणार. तो अर्धा तास राहिला आहे, तो बघून येतो. बारा वाजता जिथं असू तिथून मागं फिरणार, आधीही फिरू. संध्याकाळी सहापर्यंत घरी. सहापर्यंत आलो नाही आणि फोन लागला नाही, तर नागसेनला आणि भीमाशंकर सरांना फोन कर. त्याच्या आधी काळजी करायची नाही. तीन वाजल्यापासून स्टेशनवर बसू नको. आबा."

शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारायची आहे. तिचा पेन सापडत नाही, सकाळी मागून घेईन.